किलोला एक ग्रॅम

वजन तंतोतंत जुळलं. आठ तासांत पाचशे किलो तांदळाच्या पिठात पाचशे ग्रॅम जीवनसत्त्वांची पिवळी भुकटी पडायला हवी होती. तेवढीच पडली. दीपाली खुर्चीत टेकली. गडचांदूरला सिमेंटसाठी तिनं तासाला टनांनी माल सोडणारी यंत्रं बनवली होती. पण गडचिरोलीकडच्या जंगलातल्या या आहार केंद्रात, अंगणवाडीच्या पिठात किलोला एक ग्रॅम सोडणाऱ्या, जुन्याच्या जागी बसवायच्या छोट्या यंत्रानं तिला तीन महिने झुंजवलं होतं.

"जमलं ना मॅडम? मंग सही करून टाका," केंद्राचे व्यवस्थापक धनराजभाऊ म्हणाले. "उद्यापासून माल पाठवतो."

तिनं कागद पुढं ओढला. तेवढ्यात पुड्या बंद करणाऱ्या नीलाबाई आल्या. त्यांनी दोन उघड्या पुड्या टेबलावर ठेवल्या. एकीतलं पीठ पांढरंफटक. दुसरीत पिवळ्या गुठळ्या.

"ह्या दोन्ही आताच्याच हायेत, बाई."

"दिवसभराचं वजन बरोबर आलं ना, नीलाबाई!" धनराजभाऊ वैतागले.

"लेकरू दिवसभराचं पीठ नाई खात, भाऊ. एक पुडी खाते."

दीपाली उठली. यंत्राचं झाकण काढून बराच वेळ आत बघत राहिली. दमट हवेनं भुकटी चिकटत होती, निमुळत्या भांड्याच्या खालच्या तोंडावर कमानीसारखी अडकून बसत होती. भुकटी पुढं ढकलणारा स्क्रू खाली रिकामाच फिरे. मग कमान ढासळे आणि सगळी भुकटी एकदम खाली येई. बेरीज मात्र चुकत नव्हती. तिनं बेरीजच तेवढी पाहिली होती.

सही न करता ती महिनाभर तिथंच राहिली. ते निमुळतं भांडं काढून सरळ भिंतींचं बसवलं. आत सावकाश फिरणारा दांडा घातला. वजन दर मिनिटाला घेतलं. शेवटी नीलाबाईंनी ओळीनं पन्नास पुड्या उघडून पाहिल्या आणि मान डोलावली.

"जुनं यंत्रही असंच करत असणार," दीपाली म्हणाली. "मग तीन वर्षं कसं चाललं?"

"आमी पुड्या बंद करणाऱ्या चौघी होतो ना. पांढऱ्या-पिवळ्या पुड्या घमेल्यात ओतून हातानं मिसळत होतो, मंगच बंद करत होतो," नीलाबाई म्हणाल्या. "तुमचं मशीन पाहाचं होतं, म्हणून त्या दिवशी हात नाई लावला."