नडीचा भाव

भुजंग गवंड्याने भिंतीवर बोटाचं पेर आपटलं आणि कान लावला. मग माळवदाखालच्या तुळईला नख लावून पाहिलं. लाकूड घट्ट होतं. जवळा बाजार गावात घराची किंमत करायची तर हाच माणूस लागे, आणि तो तोंड उघडेपर्यंत पंच नुसते सुपारी कातरत बसत. त्याने केलेली किंमत कुणी मोडल्याचं गावाला आठवत नव्हतं. आजही हाक मारल्याबरोबर तो अनवाणीच आला होता.

घर दोन भावांचं. धाकटा गेल्या साली वारला. त्याची बायको अनुसयाबाई लेकीला घेऊन ओसरीच्या कडेला बसली होती. थोरले किसनराव सगळं घर स्वतःकडे ठेवून तिच्या निम्म्या हिश्श्याचे पैसे देणार होते. तिने वेशीजवळचं दोन खणांचं घर बोलून ठेवलं होतं, तीनशेला. तो घरवाला कापसाच्या पैशांपर्यंत थांबायला तयार होता. तीनशे मिळाले तर स्वतःची चूल. कमी मिळाले तर जन्मभर किसनरावांच्या घरची भांडी.

किसनराव मात्र निवांत होते. उत्तमराव पंचांनी औंढ्याचा गवंडी बोलवायचं सुचवलं, तर हेच म्हणाले होते, "काहून? आपला भुजंग हाय की. तो सांगंल ते कबूल." आणि वर मिशीतल्या मिशीत हसले होते.

आता त्यांनी शेजारच्या घराकडे हात केला. "ते बघा. तेवढेच खण, तसंच माळवद. शालूबाईनं गेल्या शिमग्याला चारशे हाली रुपयांना इकलं. मग ह्याचेबी चारशेच. निम्मे दोनशे. तीन कापसावर देतो, दर हंगामाला थोडे थोडे. बराबर हाय का?"

पंचांनी माना डोलावल्या. बोलण्यात खोट कुठेच दिसत नव्हती. अनुसयाबाईने लेकीचा हात घट्ट धरला. तिला धीर द्यायला शालूबाईही येऊन बसली होती. तिने मान खाली घातली.

भुजंगाने एकदा शेजारच्या घराकडे पाहिलं, एकदा अनुसयाबाईच्या लेकीकडे. त्याचा चेहरा उतरला होता, हे सांगितलंच पाहिजे. मग त्याने विचारलं, "ते चारशे कसे मिळाले होते?"

"नगद. एका हातानं," किसनराव म्हणाले.

"आन तुमी तीन कापसावर देऊन राहिलात." भुजंग पंचांकडे वळला. "बैलाचा नगदीचा भाव येगळा अन् उधारीचा येगळा, हे बाजारातलं पोरगंबी सांगंल. मग घराला काहून न्हाई? शालूबाईचा धनी दवाखान्यात पडला होता. तिला दुसऱ्या दिवशी पैका पायजे होता. घेणाऱ्याला ते ठाऊक होतं. चारशे हा घराचा भाव न्हाई, तिच्या नडीचा भाव हाय. तीन कापूस थांबली असती, तर सहाशे आले असते. नगदीपायी कापलेले दोनशे आधी जोडा, मग ते घर ह्याच्याशी ताडून बघा. ह्या घराची किंमत सहाशे. अनुसयाबाईचे तीनशे."

घराची किंमत अशी कुणी कधी केली नव्हती, आणि आता ऐकल्यावर दुसरी कशी करायची तेही कुणाला सुचेना. अनुसयाबाईने पदर डोळ्यांना लावला.

किसनराव ताडकन उठले. "म्हंजी ज्यानं नगद मोजून ते घर घेतलं, त्यानं बाईचे दोनशे दाबले म्हणायचं? म्हण की मग पंचांसमोर!"

सगळे भुजंगाकडे पाहू लागले. किसनरावांना औंढ्याचा गवंडी का नको होता, ते उत्तमरावांना आत्ता कुठे उमगलं.

"म्हणतो," भुजंग म्हणाला. तो शालूबाईपुढे जाऊन हात जोडून उभा राहिला. "बाई, तुमचे दोनशे माझ्याकडं राहिलेत. तीन कापसावर देतो."