सातवी वाट

टॉबी फेनविकनं निळं कापड ओढलं. संग्रहालयाच्या भिंतीवर नवी पाटी दिसली : 'सिरिल हॉथर्न दालन'. टाळ्या झाल्या.

सिरिलची बायको विनी पहिल्या रांगेत बसली होती. सिरिलनं चौदा वर्षं हे संग्रहालय बिनपगारी सांभाळलं, गावाभोवतालच्या पायवाटांवर पुस्तक लिहिलं. शेवटची सहा वर्षं मात्र एकाच वाटेपायी गेली. फेनविकच्या मालकीच्या कुरणातून चर्चकडे जाणारी ती वाट त्यानं काटेरी तार ठोकून बंद केली होती. सिरिल कौन्सिलला पत्रं लिहीत राहिला, आणि लिहितालिहिताच गेला.

"सिरिल मला थोरल्या भावासारखा," फेनविक म्हणाला. "आमचे खटके उडायचे, पण माणूस मोठा. म्हणून तर त्याच्या पुस्तकाची नवी आवृत्ती मी काढून दिली."

संग्रहालयाच्या अध्यक्ष ब्रेंडा लिडल हिनं पहिली प्रत विनीच्या हातात ठेवली. गुळगुळीत कागद, रंगीत नकाशे. विनीनं पानं उलटली. सिरिलच्या मूळ पुस्तकात बारा वाटा होत्या, इथे अकराच. जुनी आठवी वाट आता सातवी झाली होती. मध्ये फट दिसू नये म्हणून आकडे नीट सरकवले होते.

"ब्रेंडा, कुरणातली वाट कुठंय?"

ब्रेंडा तिच्या कानाशी वाकली. "बंद वाट कशी छापणार गं? कुणी तारेत अडकलं तर आपल्या गळ्यात यायचं. आणि छपराचं कामही टॉबीच करून देतोय. आज नको ना हा विषय."

चहा-केक झाल्यावर लोक प्रती घेऊन विनीपुढे सहीसाठी उभे राहिले. विनीनं सही केली नाही. प्रत्येक प्रतीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर ती लिहीत गेली. गाळलेल्या वाटेचा मजकूर तिला पाठच होता : 'गिरणीपासून डावीकडे वळा. कुंपणाच्या पायऱ्या चढून कुरणात उतरा. ओढा उजव्या हाताला ठेवा. ही वाट सर्वांची आहे.'

निवृत्त पोस्टमन डग्लसनं ते वाचलं. "अस्सं पाहिजे," तो म्हणाला आणि प्रत कोटात घालून निघून गेला. त्याच्यामागच्या बाईनंही वाचलं. तिनं आधी फेनविककडे पाहिलं, मग ब्रेंडाकडे.

"मला एखादी कोरी प्रत मिळेल का?"

तिच्या मागच्यालाही कोरीच हवी होती. त्याच्या मागच्या दोघांनाही.

ब्रेंडानं विनीच्या बोटांतून पेन अलगद काढून घेतलं. "दमलीस तू. बस जरा." लिहिलेल्या प्रती गोळा करून तिनं आतल्या खोलीत नेऊन ठेवल्या.

शेजारच्या टेबलाशी फेनविकनं खुर्ची ओढली, खिशातलं पेन काढलं. रांग तिकडे सरकली.