दोन लेन्सची वाटणी

"ही नवी आणि ही जुनी." दुरुस्तीवाल्याने दोन्ही लांबुळक्या लेन्स काउंटरवर शेजारी शेजारी उभ्या केल्या. "कंपनी एक, माप एक. नवीला हात हलला तरी सांभाळून घेता येतं, एवढाच काय तो फरक. जोडी मात्र छान जमलीय हो, वहिनी!"

वहिनी हसली नाही. तिचा नवराही हसला नाही. घटस्फोटाच्या सह्या गेल्या आठवड्यातच झाल्या होत्या, पण हे या भल्या माणसाला सांगणार कोण? दोघांच्या फोटो स्टुडिओतलं बाकी सगळं वाटून झालं होतं. राहिल्या होत्या या दोन झूम लेन्स. "आधी तपासून घेऊ, मग कुणाला कुठली ते ठरवू," असं म्हणत नवऱ्यानेच घोळ लांबवला होता. हे उरकलं की भेटायला निमित्त उरणार नव्हतं. तरी त्याला रडू येत नव्हतं की राग येत नव्हता. दाढ काढून आल्यावर गाल बधिर लागतो, तसं सगळं लागत होतं.

दुरुस्तीवाल्याने दुकानाच्या त्या टोकाला बॅटरीचे सेल तिरक्या रांगेत मांडले. मधल्या सेलवर नेम धरून दोन्ही लेन्सनी एकेक फोटो काढला आणि संगणकावर मोठा करून पाहिला. नवीच्या फोटोत मधला सेल लख्ख. जुनीच्या फोटोत मधला पुसट, त्याच्या मागचा लख्ख.

"अरेच्चा! हिचा फोकस मागे जातोय की. आणि हे आजचं दुखणं नाही, पहिल्यापासूनचं आहे. ही वापरायचं कोण?"

"मी," ती म्हणाली.

"काहीतरीच काय, वहिनी! तुमच्या फोटोंत नवरीच्या पापण्या मोजून घ्याव्यात."

"फोकस डोळ्यांवर धरायचाच नाही. नाकाच्या शेंड्यावर धरायचा. डोळे आपोआप बरोबर येतात."

नवरा तिच्याकडे बघतच राहिला. इतकी वर्षं नवी लेन्स त्याच्या गळ्यात होती आणि जुनी तिच्या. दोन्हींत डावंउजवं काही नाही, असं तो चारचौघांत छातीठोकपणे सांगायचा.

"मला कधी बोलली नाहीस?"

"बोलले होते. पहिल्याच ऑर्डरला. लेन्सला काही झालेलं नाही, तुझ्या हातातच खोट आहे, म्हणालास."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"दुरुस्त होईल ना हो ही?" त्याने घाईघाईने विचारलं. विचारलं दुरुस्तीवाल्याला, पण बघत होता तिच्याकडे.

"न व्हायला काय झालंय! तुम्ही दोघं चहा घेऊन या, तोवर देतो करून."

"मग करा. कराच." तो तिच्याकडे वळला. "ऐक ना. वाटणीबिटणी राहू दे. दोन्ही तूच वापर. आपण पुन्हा एकत्र काम करू."

तिने जुनी लेन्स उचलली, पिशवीत ठेवली आणि चेन ओढली.

"नको," ती म्हणाली. "आता सुधारली, तर माझेच फोटो चुकतील."