चूळ

"थुंक, बेटा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी हातमोजे ओढून काढले.

संबोधीच्या तोंडातून नुकताच मापाचा साचा निघाला होता. दातांच्या फटीत गुलाबी लगदा अडकलेला, लाळ हनुवटीपर्यंत आलेली. पंचशीलानं तोंड फिरवलं. पोटची पोर असली तरी शिसारी यायची ती येतेच. आणि या दवाखान्यात तर तिला पहिल्या दिवसापासून शिसारीच येत होती.

पोरीचे दात सरळ करायला तिनं लातुरातले तीन डॉक्टर पालथे घातले होते. संबोधी चौदाची झाली, दातावर दात चढले, हसताना तोंडावर हात जायला लागला. शाळेच्या फोटोत तर तिनं ओढणीच तोंडात धरली होती. पहिल्या डॉक्टरकडं बेसिन कोरडं ठक्क. आधीच्या पेशंटचं रक्त त्यात वाळलेलं, आणि वर पाटी, "चूळ भरण्यासाठी पाणी घरून आणावे." दुसरा पोरीच्या जबड्यात बोटं घालून आईला सांगत होता, "आता खर्च करा ताई, पुढं स्थळं बघताना वसूल होईल." याचेच दात याच्या घशात घालावेत, असं पंचशीलाला वाटलं होतं.

तिसरे हे. दाराशी माशांची भली मोठी काचपेटी, गारेगार एसी, बड्या गिऱ्हाइकांपुढं फिरणारा, पाण्यानं भरलेल्या काचेच्या ग्लासांचा ट्रे. खुर्चीला लावलेल्या भांड्यात पाणी आपलं गोल गोल फिरतंय, कुणी थुंको न थुंको. दोन हजार सोळाचा उन्हाळा. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, नळाला महिना महिना थेंब नव्हता, आणि इथं थुंकीला आंघोळ घालत होते! मागच्या खेपेला पंचशीला इथून तणतणत बाहेर पडली होती.

पण संबोधीनं हट्ट धरला. "तार बसवायची तं हितंच." तीन दिवस दुसरं बोलणं नाही. पोरगी माशांवर भाळली, एसीला हुरळली, असं आईला वाटलं. पाण्याच्या एवढ्या बोंबेत आपल्या पोटी ही नखरेल कुठून आली, याची तिला मनापासून किळस आली. तसं ती पोरीच्या तोंडावर बोललीही. संबोधीनं मान खाली घातली, पण हट्ट सोडला नाही.

घरी दहा दिवसांनी टँकर यायचा. पाणी पिवळं, गंजाच्या वासाचं. गाळलं की फडक्यावर अळ्या वळवळायच्या. तेच उकळायचं आणि नाक दाबून प्यायचं. शेजारच्या भामाबाईच्या बोअरला अजून गोडं पाणी होतं. गल्लीतल्या बायका कळशी घेऊन तिच्या दारात उभ्या राहायच्या. पंचशीला राहिली नाही. देवणीकडच्या गावात तिच्या आजीच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, भांड्याला शिवाशिव नको म्हणून. म्हातारी ते सांगायची तेव्हा पंचशीलाचं अंग जळायचं. "मी कुणाच्या दारात पाणी मागणार न्हाई," तिनं घरात बजावलं होतं, "अन् तू बी मागायचं न्हाई." लातूर वेगळा जिल्हा झाला त्या वर्षीचा तिचा जन्म. त्याच जिल्ह्याच्या परिषदेत ती आता कारकून होती. मान ताठ ठेवायची तिला सवय होती.

"थुंक की बेटा," डॉक्टर पुन्हा म्हणाले.

पंचशीलानं वळून पाहिलं. संबोधीनं कागदी पेला उचलून तोंडाला लावला. गाल फुगले नाहीत. गळा हलला. पेला खाली ठेवताच खुर्चीच्या मशीननं तो आपोआप भरला. तिनं पुन्हा उचलला. पुन्हा गळा हलला. लगदा, लाळ, हिरडीचं रक्त, सगळं पोटात गेलं.

"शी!" कोपऱ्यातली मदतनीस किंचाळली. "मॅडम, ही तर गिळून राहिली!"

"संबू!" पंचशीला ओरडली. "घाण हाय ती! थुंकायचं कळत न्हाई का तुला?"

पोरीचा हात तोंडावर गेला. बोटांच्या आडून बारीक आवाज आला.

"गोडं हाय, मम्मी. मागच्या बारीला बी पिले मी. हितं मागावं लागत न्हाई."

मशीननं तिसऱ्यांदा पेला भरला. इतके दिवस पंचशीला जी किळस गावभर वाटत फिरत होती, ती आता तिच्या स्वतःच्या अंगावर आली. मदतनीस अजून नाक मुरडून उभी होती.

डॉक्टर चाचरत म्हणाले, "मग ताई... तारेचं काय ठरलं?"

पंचशीला उठली. तिनं मशीनखालचा कागदी पेला उचलला, भांड्यात ओतला आणि चुरगाळून टाकला.

"ते बघू मागून. आधी त्या ट्रेमधला ग्लास भरून द्या, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. "माझ्या लेकीला प्यायला पाणी पाहिजे."