शुक्रवारच्या आत छप्पर

अदाओराचं लग्न डिसेंबरात झालं, आणि पुढच्या एप्रिलमध्ये तिची आई उझोआमाका नवऱ्याच्या उमुओका गावात भर उन्हात उभी राहून गवंड्याशी भांडत होती.

"शुक्रवारच्या आत छप्पर हवं."

"मॅडम, सिमेंटला तुमच्याएवढी घाई नसते," संडे गवंडी म्हणाला. "भिंती अजून ओल्या आहेत. उद्या काही झालं तर नाव माझं खराब होईल."

"स्वयंपाकघर राहू दे. मागच्या खोल्याही राहू देत. पुढची खोली, ओसरी आणि वर छप्पर. एवढंच कर."

संडे शिडीकडे वळला.

बत्तीस वर्षं ती मँचेस्टरला परिचारिका होती. नवरा ओबिआजुलू बस चालवायचा. निवृत्तीनंतर पेन्शनवर तिथे राहणं परवडणार नव्हतं, म्हणून दोघांनी स्वस्त ठिकाणांची यादी केली होती. पोर्तुगालमधलं कोळ्यांचं गाव, घानाचा किनारा, कॅमेरूनमधलं लिंबे. रविवारी चर्चहून आलं की यादी टेबलावर यायची. सगळ्यात खाली ओबिआजुलू दर वेळी 'उमुओका' लिहायचा आणि ती दर वेळी खोडायची.

"चार तास वीज आणि दवाखाना वीस मैलांवर," ती म्हणायची. "तिथे बसून काय करायचं? तुझ्या भाऊबंदांचे तंटे ऐकायचे?"

"डोंगर बघायचा."

"डोंगर पोर्तुगालातही आहेत."

"ते मला ओळखत नाहीत."

तो हसायचा आणि विषय तिथेच थांबायचा. ज्या घरात राहायचं नाही ते बांधायचं कशाला, असं तिचं म्हणणं. त्याच्या वयाच्या सगळ्यांनी गावात घरं बांधली. ती घरं फक्त नाताळात उघडायची. त्याच्या वाटणीच्या जमिनीवर मात्र कसाव्याचे कंद उगवत राहिले.

तो कसावा तिने मार्चमध्ये स्वतः उपटून काढला होता.

दुपारी दीर ओक्वुडिली उकडलेलं रताळं घेऊन आला.

"वहिनी, दोन घास खा. तुम्ही आडव्या पडलात तर मला दोन ठिकाणी धावावं लागेल."

"भाऊजी, पत्रे पुरतील ना?"

"पुरतील. नाही पुरले तर दादाला माझ्या अंगणात उतरवू. माझं घर काय परकं आहे?"

"दुसऱ्याच्या अंगणात? बत्तीस वर्षं बाहेर राबून?" तिचा आवाज चढला. "लोक म्हणतील, बायकोने एक भिंत उभी करू दिली नाही."

"ते तर आत्ताही म्हणतात," तो म्हणाला, आणि त्याने जीभ चावली.

ती रताळं सोलत राहिली. खाल्लं नाही.

संध्याकाळी भावकीतला सर्वांत थोरला, एझेनवा, काठी टेकत आला. त्याने भिंतींना हात लावून पाहिला.

"सूनबाई, नुसत्या भिंतींना आम्ही घर म्हणत नाही. ज्याचं गावात छप्पर नाही, तो आमच्या लेखी पाहुणा. शनिवार दिलाय आम्ही. पुढे पेरणी आहे, माणसं मिळायची नाहीत."

"होईल, बाबा."

"पोरीच्या लग्नात मी त्याला म्हटलं होतं, बांधून टाक. म्हणाला, घरात विचारतो."

तिने मान खाली घातली.

मंगळवारी मँचेस्टरहून अदाओराचा फोन आला.

"आई, दूतावासातून कागद मिळाले. उद्याचं विमान आहे. मोझेस सोबत येतोय."

"बरं झालं. भाऊ सोबत असला की काळजी नाही."

"बाबांना कुठला कोट घालू? निळा की करडा?"

"निळा. तुझ्या लग्नात घातला होता तो."

"तू जेवतेस ना?"

"जेवते," ती खोटं बोलली.

गुरुवारी एक वासा तडकला आणि अर्धा दिवस वाया गेला. संडेची दोन माणसं कमी होती. मग त्रेसष्ट वर्षांच्या उझोआमाकाने कमरेचं वस्त्र खोचलं आणि पत्रे डोक्यावरून वाहायला सुरुवात केली. गल्लीतल्या बायका आधी नुसत्या बघत उभ्या राहिल्या. मग एकेक जण येऊन दुसरं टोक धरू लागली.

शुक्रवारी चार वाजता शेवटचा पत्रा ठोकला गेला. दाराला फळी नव्हती, खिडक्यांना काचा नव्हत्या.

एझेनवा आत गेला, वर पाहत खोलीभर फिरला आणि बाहेर आला.

"घर झालं," तो म्हणाला. मग त्याने भावकीतल्या चार माणसांना हाक मारली. "कुदळी आणा रे. ओसरीसमोर, उजव्या हाताला. सहा फूट खोल."

ओबिआजुलू मँचेस्टरच्या एका इस्पितळात अकरा फेब्रुवारीला पहाटे वारला होता.