पळपुट्याची आई

बसवेश जवानांच्या प्रशिक्षण केंद्रातून तिसऱ्याच महिन्यात परतला, डाव्या कानाने बहिरा होऊन. भर उन्हात पाणी मागितलं म्हणून हवालदाराने कानशिलात लगावली होती; कागदावर मात्र ‘पळून गेला’ असा शेरा पडला. भवानी पेठ त्याला पळपुटा म्हणू लागली, तेव्हा आई शिवबाई कलेक्टर कचेरीसमोर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी भरतीची वाट बघून थकलेली चार बेकार पोरं शेजारी बसली; आठव्या दिवशी रस्त्यावर मुंगीलाही जागा उरेना. नवव्या दिवशी कलेक्टरांनी बाहेर येऊन लष्कराचं पत्र वाचलं: शेरा रद्द, हवालदार निलंबित. पोरांनी बसवेशला खांद्यावर उचललं. “मावशी, जिंकलात. आता उठा,” साहेब म्हणाले. शिवबाईने डोळे पुसले. “माझं झालं. ह्या पोरांची भरती कवा ते सांगा. तवर मी हितनं हलत न्हाय.” साहेब तिच्यासमोर मांडी घालून बसले.