मानेवरचं कडं

तानाबाईने दहावं झाकण फिरवलं आणि तेही फाटलं.

"घ्या," ती म्हणाली. "हेबी गेलं."

ज्ञानेश्वरने वाकून पाहिलं. झाकणाखालचं कडं उभं चिरलं होतं आणि झाकणालाच लटकून बाहेर आलं होतं. बाटलीची मान स्वच्छ होती. त्याला नेमकं हेच हवं होतं.

वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेच्या टोकाला तानाबाईचं भंगाराचं गोदाम होतं. तिच्याकडे चार बाया दिवसभर पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांची कडी ब्लेडने कापत बसत. बाटली एका प्लास्टिकची, कडं दुसऱ्या प्लास्टिकचं. दोन्ही एकत्र वितळलं की माल बाद. कापून कापून बायांच्या अंगठ्यांवर रेषा उरल्या नव्हत्या. रेशनच्या दुकानात मशीन त्यांना ओळखत नसे.

"तुमचं झाकण आलं त माह्या बायाईनं काय करा?" तानाबाईने विचारलं. "भजन म्हणत बसा?"

"बोटं त वाचतीन."

"बोटं वाचतीन जी. पोटाचं सांगा."

ज्ञानेश्वर हसला. वर्ध्याच्या एमआयडीसीत त्याचं साचे बनवण्याचं लहानसं वर्कशॉप होतं. कडं न कापता बाटल्या वितळवता याव्यात, ही गोष्ट पाण्याच्या कंपनीला झाकण आवडावं म्हणून होती. त्याला स्वतःला हवं होतं ते वेगळंच.

दोन वर्षांपूर्वी, जत्रेतून परतताना त्याने खुशीला पाण्याची बाटली घेऊन दिली होती. नऊ वर्षांची त्याची मुलगी. झाकण बंद, कडं शाबूत. संध्याकाळपासून उलट्या-जुलाब सुरू झाले आणि चौथ्या दिवशी ती गेली. नंतर त्याने ती बाटली पिशवीतून काढून उन्हात धरून पाहिली. कडं आधीच तुटलेलं होतं. कुणीतरी ते केसाएवढ्या फटीत गोंद भरून पुन्हा जोडलं होतं.

त्या दिवसापासून त्याची बायको रुख्मिणी बाहेरचं पाणी प्यायली नव्हती. लग्न असो, मयत असो, घरची स्टीलची बाटली सोबत. ती संपली की घरी पोचेपर्यंत कोरड्या तोंडाने बसून राहायची. कुणी आग्रह केला तर उठून जायची.

म्हणून हे झाकण. एकदा उघडलं की कडं उभं फाटणार, वेडंवाकडं, पुन्हा कशानेही न जुळणारं.

"फाडून उपेग नाई, तानाबाई," तो म्हणाला. "शाबूत काढून दाखवा. तुमी काढलं त मी हरलो."

"दहा झाकणानं काय समजते? गोणी ठेवून जा. बाया उकळत्या पाण्यात टाकतीन, तेल लावतीन, पट्टीनं ओढतीन. चोर काय तुमच्यासमोर बसून काढते?"

त्याला ते पटलं. वर्कशॉपमधल्या हातमशीनवर काढलेल्या झाकणांची गोणी त्याने उतरवून दिली.

"कोणत्याबी बाटलीवर बसते न हे?" तिने विचारलं.

"एक लिटरच्या साऱ्या. नुसतं दाबा."

भिंतीला धुतलेल्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या, चकचकीत.

"या चेपल्या नाई काऊन?" त्याने विचारलं.

"कडं राह्यलं का पाहाले उभ्याच लागते. मंग चेपतो."

आठ दिवसांनी तो गेला. तानाबाईने हात झटकले. "एकबी शाबूत निघालं नाई, भाऊ. बाया थकल्या."

"तुकडे?"

"तुकडे काय लोणच्यात टाकू? दळाले गेले."

हायसं वाटून तो खाली पोत्यावरच बसला. तिने त्याला चहा दिला. जरा वेळाने म्हणाली, "अजून एक गोणी द्या. आमच्या मनकर्णाचा हात लय बारीक हाय. तिले पुरतं पाहू द्या."

त्याने दुसऱ्याच दिवशी नेऊन दिली. इंजिनिअरिंग कॉलेजातल्या लोकांनी त्याची झाकणाची चित्रं जांभया देत पाहिली होती. ही अडाणी बाई मात्र चोराच्या डोक्याने विचार करून त्याला मदत करत होती. घरी जाऊन त्याने रुख्मिणीला तसं सांगितलंही.

दुसऱ्या गोणीतलंही एक झाकण शाबूत निघालं नाही.

पाण्याच्या कंपनीचे मॅनेजर मधुकरराव नागपुरात बसत. त्यांनी झाकण स्वतः फिरवून पाहिलं, दोनदा.

"नमुने बाहेर कुणाकडे गेलेत?"

"एका तानाबाईकडे फक्त. तेबी सारे तुटले."

"पसंत आहे," मधुकरराव म्हणाले. "लवकरच सुरू करू."

महिन्याभराने ज्ञानेश्वर आणि रुख्मिणी मोटारसायकलने आर्वीला निघाले. तिच्या बहिणीकडे बारसं होतं. वाटेत चाक पंक्चर झालं. दुरुस्तीला तास गेला. मे महिना, झाड नाही. रुख्मिणीची बाटली केव्हाच रिकामी झाली होती. तिने पदर डोक्यावर घेतला.

शेजारी टपरी होती. ज्ञानेश्वरची नजर तिथल्या बाटल्यांवर गेली आणि तिथेच थांबली. तो उठला, एक घेऊन आला.

"मी पेत नाई, माईत हाय न तुमाले."

"झाकण पाह्य."

तिने पाहिलं. हे झाकण तिने घरच्या ओट्यावर, जेवणाच्या ताटाशेजारी, उशाजवळ वर्षभर पाहिलं होतं.

"आपलं?"

"आपलं. आता फिरव."

तिने फिरवलं. कडं करकरत उभं चिरलं आणि झाकणासोबत बाहेर आलं.

"याच्या आधी कोणाचा हात लागला नाई," तो म्हणाला. "लागला असता त हे असं फाटलं नसतं."

रुख्मिणीने एक घोट घेतला, तोंडातच धरून ठेवला. मग गिळला. मग थांबली नाही. बाटली अर्ध्यावर आली तेव्हा तिने श्वास घेतला, तोंड पुसलं आणि उरलेलंही प्यायली.

"थंड हाय," ती म्हणाली. दोन वर्षांत तिचा चेहरा इतका सैल त्याने पाहिला नव्हता.

त्याला राहवलं नाही. त्याने फोन लावला.

"मधुकरराव, कळवलंबी नाई तुमी? माल आर्वी रोडवर पोचला. आत्ताच बाटली खोलली आमी."

"कोणती बाटली, ज्ञानेश्वरराव?" मधुकररावांनी विचारलं. "आमचा साचा अजून पुण्यालाच आहे. पहिलं झाकण निघायला दिवाळी उजाडेल."